पहिला फोटो सोडून

माझे धाकटे दीर आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर राहतात. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. तसा त्यांचा कुणाच्या डोक्याला ताप नाही. दोन खोल्या, ओटा, खिडकीशी टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर. सकाळी सातला वरून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो तेव्हा मी प्रार्थनेला बसलेली असते. संध्याकाळी तीच खुर्ची पुन्हा सरकते. मधल्या वेळात काही म्हणजे काही ऐकू येत नाही. नळसुद्धा ते हळू सोडतात. एरवी या वहीत त्यांच्याबद्दल माझ्या हातून ओळ-दोन ओळी लिहिल्या जातात, आज सविस्तर लिहिते. गेल्या पंधरा दिवसांत जे झालं त्यात थोडी चूक माझीही आहे.

भाऊजी तरुणपणी एका छोट्या दैनिकात जुळारी म्हणून लागले. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून ओळी बसवायच्या, असं ते काम. लग्न झालं तेव्हा त्यांची नखं काळीच होती आणि माझी जाऊ म्हणायची, “नवरा मिळाला तो आधीच शाई लावलेला.” पुढे शिसं गेलं, कॉम्प्युटर आले. बरोबरीचे जुळारी घरी बसले, भाऊजी मात्र पुस्तकं आणून रात्रंदिवस शिकले. वर्तमानपत्राची वेबसाइट निघाली तेव्हा ती उभी करणाऱ्यांत तेही होते. निवृत्त झाल्यावरही एक पान त्यांच्याकडेच राहिलं, ते घरूनच सांभाळतात. निधनवार्तांचं पान. आमच्या शहरात सकाळी उठून राजकारणाची बातमी कुणी उघडत नाही, आधी हेच पान उघडतात. आपण त्यात नाही एवढी खात्री करून मग चहा घेतात, असं आमचे हे म्हणतात.

आता जावेबद्दल. ती कायम काहीतरी गुणगुणत असायची, म्हणून सासूबाईंनी तिचं नाव गुणगुणी पाडलं आणि तेच चिकटलं. पन्नाशी ओलांडताना ती विसरू लागली. आधी गॅस, मग वार, मग माणसं. आमच्याकडे यायला निघायची आणि जिन्यातच उभी राहायची. भाऊजींनी आपल्या दाराला हिरवा रंग दिला, कारण तिला रंग लक्षात राहायचे. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी ते ऑफिसात असताना ती घरातल्या सपाता घालून बाहेर पडली. बस स्थानकावर एका फळवाल्याने तिला पाहिलं, तिथून पुढे कुणीच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, नको त्या जागी जाऊन नको ते पाहून झालं. ती सापडली नाही. जिवंत नाही आणि गेलेलीही नाही.

मी रोज सकाळी दोन याद्या देवापुढे म्हणते. एकीत हयात माणसं, त्यांच्यासाठी आरोग्य मागते. दुसरीत गेलेली, त्यांच्यासाठी शांती मागते. गुणगुणीचं नाव कुठे घ्यायचं हे मला सहा वर्षांत कळलेलं नाही. पहिली यादी संपली की मी थांबते, तिचं नाव घेते, काही मागत नाही, आणि मग दुसरी यादी सुरू करते.

तेव्हाच्या संपादकांनी एक मोठेपणा केला. म्हणाले, लोक हेच पान उघडतात ना, मग वहिनींचा फोटो याच पानावर सगळ्यात वर ठेवा, “बेपत्ता” म्हणून, सापडेपर्यंत. भाऊजींनी ठेवला. अडचण अशी झाली, की त्या पानाचा एक नियम होता आणि तो खुद्द भाऊजींनीच लिहिलेला होता. लोक आपल्या माणसाचे कसलेही फोटो पाठवत. कुणी लग्नातला फेट्याचा, कुणी सहलीतला गॉगल लावलेला. पान जत्रेसारखं दिसायला लागलं होतं. म्हणून त्यांनी एकदाच वर लिहून ठेवलं, की या पानावर जो फोटो येईल तो आपोआप काळा-पांढरा दिसेल आणि भोवती काळी रेघ येईल. एकेका फोटोला हात लावायला नको. सीएसएस म्हणतात त्या लिहिण्याला. गुणगुणीचा फोटो चढवला आणि क्षणात तोही काळा झाला, रेघेसकट.

त्या दिवशी ते खाली आले तेव्हा त्यांच्या तोंडावर रंग नव्हता. दुसऱ्या दिवशी सांगायला आले, की नियमात सूट घातली. मी विचारलं, “म्हणजे काय केलंत? मला कळेल असं सांगा.”

“सगळ्या फोटोंना नियम लागू, फक्त पहिला सोडून.”

“म्हणजे बादलीतल्या सगळ्या कपड्यांना नीळ, वरचा एक सोडून.”

“अगदी बरोबर. वहिनी, तुम्ही आमच्या ऑफिसात यायला हवं होतं.”

“पण वरचा असं का? त्या कपड्याला खूण शिवावी ना एखादी. उद्या कुणी वर दुसराच कपडा टाकला तर?”

“तिची जागा कोण बदलणार?” ते म्हणाले. मग, “आणि खूण हरवलेल्या सामानाला लावतात.”

सहा वर्षं ते चाललं. खाली काळी-पांढरी माणसं रोज बदलायची, वर निळ्या साडीतली गुणगुणी तेवढी रंगीत. शहरात पोराटोरांना ठाऊक झालं, की त्या पानावर रंगात असतो तो माणूस अजून शोधतायत.

गेल्या महिन्यात भाऊजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठ दिवस कॉम्प्युटर बंद सांगितला. त्यांना आम्ही खाली आमच्याकडे आणलं. ते काळा चष्मा लावून आमच्या बाहेरच्या खोलीत बसायचे आणि दर अर्ध्या तासाने विचारायचे, “वहिनी, किती वाजले?”

“ऑपरेशन डोळ्याचं झालंय का घड्याळाचं?” आमचे हे म्हणाले. “मोतीबिंदू एका डोळ्यात आणि चुळबुळ सगळ्या घरात.”

“दादा, तू रिटायर होऊन घरात बसलास तेव्हा वहिनींना विचार काय झालं होतं.”

“मला कुणी विचारू नका,” मी म्हटलं, “माझी भाजी करपेल.”

असे चार दिवस बरे गेले. घरात बोलणं होतं. गुरुवारी सकाळी माझ्या पुतणीचा, म्हणजे भाऊजींच्या मुलीचा, मला फोन आला. ती लांब राहते, एक मुलगा आहे, दर रविवारी बापाला फोन करते. रविवार नसताना आणि मला फोन म्हणून मी घाबरलेच.

“काकू, पान बघितलंस? बाबांनी आईचा फोटो काळा केला.” ती रडत होती पण आवाज हलका होता. “मी काही बोलणार नाही त्यांना. त्यांना किती जड गेलं असेल. पण बरं केलं गं त्यांनी. सहा वर्षं आईला दारात उभी करून ठेवल्यासारखं वाटायचं मला. ना आत, ना बाहेर.”

मी फोन कानाला धरूनच दुसऱ्या हाताने ह्यांच्या मोबाइलवर पान उघडलं. गुणगुणी दुसरी होती. काळी-पांढरी, भोवती रेघ. आणि तिच्या वर, पहिल्या जागी, लाल शर्टातला एक विशीतला मुलगा होता. रंगीत. खाली लिहिलेलं, धरणावर पोहायला गेला असता बुडून निधन.

मला लगेच कळलं काय झालंय. बादलीत कुणीतरी वर दुसरा कपडा टाकला होता. आणि कळूनही मी पुतणीला म्हटलं, “बरं झालं बाई. आता तू शांत हो.”

का म्हटलं? ती सहा वर्षांत पहिल्यांदा आईबद्दल बोलताना भांडत नव्हती, म्हणून. आणि भाऊजींना सांगितलं असतं तर ते तिथल्या तिथे काळा चष्मा फेकून वर पळाले असते, म्हणूनही. चार दिवसांनी सांगू, असं मी ठरवलं. दुपारी पुन्हा प्रार्थनेला बसले तर शब्द पुढे सरकेनात. खोटं बोलून देवापुढे बसलं की असं होतं, मला अनुभव आहे.

शुक्रवारी साडेअकराला वर्तमानपत्राच्या ऑफिसातून भाऊजींना फोन आला. नवे व्यवस्थापक. चाळिशीचे गृहस्थ आहेत, वाईट नाहीत, घाईतले आहेत. त्यांनी ठरवलं होतं, की आठवड्यातली ठळक वार्ता सगळ्यात वर. वरची जागा एक जुना फोटो अडवून बसलाय हे त्यांना माहीत होतं, पण त्या जागेवर एक नियम उभा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता.

“अहो, इथे एक बाई येऊन बसल्यात. बुडालेल्या मुलाची आई. म्हणतात, माझ्या मुलाचा फोटो रंगीत आलाय म्हणजे तो सापडायचाय. बरोबर त्याचे कपडे घेऊन आल्यात इस्त्री करून. मी काय सांगू त्यांना?”

भाऊजींनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, “पहिला फोटो कुणाचा आहे?”

“त्याचाच.”

“आणि दुसरा?”

व्यवस्थापकांनी सांगितलं. भाऊजी माझ्याकडे वळले. काळ्या चष्म्यातून डोळे दिसत नव्हते, पण मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते ते त्यांना दिसलं असणार.

“वहिनी, तुम्हाला माहीत होतं?”

“कालपासून,” मी म्हटलं. आणि पुतणीचा फोन, मी काय म्हणाले, सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चपला शोधल्या.

मी त्यांच्याबरोबर गेले. त्या बाई शिवणकाम करतात, ऑफिसपासून तिसऱ्या गल्लीत खोली. आम्ही पोचलो तेव्हा त्या घरी परतल्या होत्या. मशीनवर अर्धा शिवलेला पडदा तसाच लोंबत होता आणि कपड्यांची पिशवी मांडीवर. त्यांचा नवरा दारात उभा होता, आम्हाला पाहून बाजूला झाला.

भाऊजी उभ्यानेच बोलले. “तुमच्या मुलाचा फोटो रंगीत दिसला ती माझी चूक. पहिल्या जागेवर जो असेल तो रंगीत, असं मी लिहून ठेवलं होतं. ती जागा माझ्या बायकोची होती. बातमी काही नाही. काही आलेली नाही.”

“मला दाखवलंच नाही हो त्याला,” बाई म्हणाल्या. “हे आणि माझा भाऊ गेले ओळखायला. तू नको बघूस म्हणाले. मग मला कसं कळायचं? दुसराच कुणी असेल.”

“तोच होता गं,” नवरा दारातून म्हणाला. “किती वेळा सांगू?”

“तुम्हाला विचारलं नाही.” मग त्या भाऊजींना म्हणाल्या, “तुमची बायको ती निळ्या साडीतली?”

“हो.”

“मी रोज बघायची. म्हणायची, हिला कुणीतरी धरून ठेवलंय.” त्यांनी पिशवीचे बंद घट्ट केले, सोडले, पुन्हा घट्ट केले. “आता त्याला काळा करणार तुम्ही?”

“करावा लागेल.”

“आज नको. आजचा दिवस राहू द्या. उद्या करा. आणि त्या ऑफिसातल्यांना सांगू नका, तुम्ही स्वतः करा.”

नियमाला सूट असते तशी मुदतही असते का, मला माहीत नाही. भाऊजी “बरं” म्हणाले. येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, “दोन दिवस माझा नियम दोघींशी खोटं बोलला. एकीला म्हणाला ‘आहे’, एकीला म्हणाला ‘नाही’.” तिसरी खोटं बोलणारी त्यांच्या शेजारीच बसली होती. तिचा उल्लेख त्यांनी केला नाही.

शनिवारी डॉक्टरांचं न ऐकता ते वर गेले. मी बरोबर गेले, डोळ्यात थेंब घालायला म्हणून. त्यांनी “पहिला सोडून” हे शब्द पुसले. मग गुणगुणीच्या फोटोला एक खूण दिली, रोमन अक्षरांत ‘शोध’. आणि वर नवा नियम लिहिला, की ज्याच्यावर ही खूण असेल तो सोडून बाकी सगळ्यांना काळी रेघ. आता फोटो वर असो, खाली असो, मधे असो. मी सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं तसंच. बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

एक बटण दाबलं आणि लाल शर्ट राखाडी झाला. भाऊजी त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्याच्या मुलाला त्यांनी कधी इतका वेळ पाहिलं नसेल.

मग त्यांनी स्पीकर लावून मुलीला फोन केला. मी उठायला लागले तर म्हणाले, बसा.

“तो फोटो मी काळा केला नव्हता,” ते म्हणाले. “जागा बदलली म्हणून आपोआप झाला. आता परत रंगीत केलाय.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“बाबा, परवा मी मुलाला सांगितलं, आजी देवाघरी गेली. सहा वर्षं विषय बदलत होते, परवा पहिल्यांदा नीट सांगितलं. तो रडला, मी रडले, आम्ही जेवलो आणि झोपलो. आता त्याला काय सांगू? आजोबांच्या कॉम्प्युटरची चूक झाली?”

“सांग, आजी कुठे आहे ते माहीत नाही. खरं तेवढंच आहे.”

“मला का सांगितलंत पण? मी झोपत होते ना.”

“खोटं होतं ते.”

“काकूला माहीत होतं?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनच्या जवळ जाऊन म्हटलं, “हो गं. चुकलं माझं.”

“तुम्हा सगळ्यांना सोपं आहे,” ती म्हणाली. “तुमच्याकडे बघायला पान आहे, काकूकडे देव आहे. माझ्याकडे रोज विचारणारं एक पोर आहे.” आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर दोन रविवार गेले. दोन्ही रविवारी भाऊजी सकाळपासून खोलीत राहिले. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, वर पाठवून द्या, फोन येईल एखाद्या वेळेस. फोन आमच्याकडेही घेऊन येता येतो. पण मी ताट वर नेऊन दिलं. दोन्ही रविवारी संध्याकाळी ताट धुऊन परत आलं आणि फोन आला नव्हता.

काल दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. “डाव्या डोळ्याचंही पुढच्या महिन्यात करायचंय,” म्हणाले. “आणि पुढचं कुणी सांगावं. ही खूण काढायची कशी, ते तुम्ही शिकून घ्या.”

“मी? मला मेसेज पाठवताना घाम फुटतो.”

“पाच अक्षरं पुसायची आहेत फक्त.”

“मुलीला शिकवा ना. तुमची लेक आहे.”

“ती पहिल्याच दिवशी काढेल. तिचं चुकतं असं नाही. पण काढेल. ऑफिसातले विसरतील. तुम्ही थांबाल.” मग म्हणाले, “नक्की कळलं तर काढायची, वहिनी. कंटाळा आला म्हणून नाही, आणि कुणाला बरं वाटावं म्हणूनही नाही.”

शेवटचं वाक्य माझ्यासाठीच होतं. मी खुर्चीवर बसले. इतकी वर्षं खालून जिचा आवाज ऐकला ती खुर्ची, आज पहिल्यांदा तिच्यावर बसले. भाऊजींनी पानाची एक प्रत उघडली, शिकण्यासाठी, बाहेर कुणालाच न दिसणारी. ओळ दाखवली. मी चष्मा पुसला. कर्सर त्या शब्दाच्या शेवटी नेला आणि एकेक अक्षर पुसलं. पाचवं गेलं, त्यांनी सांगितलेलं बटण मी दाबलं, आणि गुणगुणी आमच्या समोर काळी-पांढरी झाली. निळी साडी गेली. भोवती रेघ आली.

भाऊजींनी तिला तशी कधी पाहिली नव्हती, पहिल्या दिवसाचा तो एक क्षण सोडला तर. त्या दोन दिवसांत त्यांचा कॉम्प्युटर बंद होता, आणि शनिवारी त्यांनी पान लाल शर्टाच्या खाली सरकवलंच नव्हतं. ते माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

“जमलं तुम्हाला,” ते म्हणाले. “आता परत घाला.”

मी एस शोधला, सापडला. एच शोधला, सापडला. ओ वरच्या ओळीत होता. डी कुठे दिसेना. मी आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. पडद्यावर ती तशीच राखाडी होती. त्यांना माझ्या खांद्यावरून हात पुढे करून एका क्षणात लिहिता आलं असतं. त्यांनी केला नाही. “सावकाश,” म्हणाले. “बघा, तिथेच आहे, एसच्या शेजारी.”